ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली?

दाताच्या दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. कैरी खाल्ली की दात आंबतात. गार पाणी लागलं की सणक जाते. रात्री कळ मारते, ठणका लागतो आणि हिरडीत पू झाला की ठसठसतं. मी कवितेच्या निमित्ताने शब्द चाळत बसणारा माणूस, दंतवैद्यकाशी माझा संबंध रुग्णाइतकाच. पण एका दंतवैद्य मित्राच्या दवाखान्यात बसून तो रुग्णांना काय विचारतो ते ऐकलं, तेव्हा ध्यानात आलं की हे शब्द एकमेकांच्या बदली वापरण्याजोगे नाहीत. दाताच्या आत काय चाललं आहे, ते प्रत्येक शब्द वेगळं सांगतो. रूट कॅनाल करायचं की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

दाताचं बाहेरचं कवच टणक, त्याखालचा थरही टणक, आणि मधल्या पोकळीत मऊ गर. या गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. आपण त्याला नुसतं ‘नस’ म्हणून मोकळे होतो. हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. दातातल्या गराला ती सोय नाही. चहूबाजूंनी भिंती. कीड आतवर पोचून गर सुजला की सूज जागच्या जागी कोंडते, म्हणून तो ठणका जीवघेणा.

मित्राचा पहिला प्रश्न ‘दुखतं का?’ असा नसतोच. तो विचारतो, ‘गार लागल्यावर दुखतं, ते किती वेळ?’ पेला खाली ठेवताच दोन-चार सेकंदांत सणक गेली, तर गर चिडलेला आहे, पण सावरण्याजोगा आहे. कीड साफ करून सिमेंट भरलं की बहुधा भागतं. पाणी गिळून झाल्यावरही अर्धा मिनिट, मिनिटभर कळ रेंगाळते, काही न खाता-पिता आपोआप उठते, आडवं झालं की वाढते, गरम चहाने भडकते, तर मात्र गर सावरण्यापलीकडे गेल्याची ती खूण. काही रुग्ण तर गार पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. तोंडात घोट धरला तरच त्यांना बरं वाटतं.

दुखणारी दाढ नेमकी कोणती, हे रुग्णाला सांगता येतंच असं नाही. वरची दुखते आणि खालची वाटते, कधी कान दुखतोय असं वाटतं. म्हणून डॉक्टर आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहतात. गार केलेला कापूस आधी चांगल्या दाताला लावतात, मग संशयिताला. ही तुलना फार महत्त्वाची.

आता आमच्या खालांची गोष्ट. दाढेने त्यांना आठवडाभर झोपू दिलं नाही. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. आठव्या दिवशी ठणका आपोआप थांबला आणि अल्लाचा शुक्र मानून खाला कामाला लागल्या. चारेक महिन्यांनी हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी आली. ती फुटायची, खारट पाणी यायचं, पुन्हा भरायची. दुखत काहीच नव्हतं. डॉक्टरांनी पुळीच्या तोंडातून गटापर्चाची बारीक, लवचीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला. सगळ्यांचा संशय होता जुनं सिमेंट भरलेल्या दाढेवर. काडीचं टोक पोचलं होतं शेजारच्या दाढेच्या मुळाशी. तिला गार कापूस लावला तर खालांना पत्ताही लागला नाही. गर मेला होता, म्हणून ठणका थांबला होता. मेलेल्या गरात जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. रूट कॅनाल झालं ते या मुक्या दाढेचं.

एक्स-रेवर आपला जरा जास्तच विश्वास असतो. त्यात गराची सूज दिसत नाही, आणि मुळाशी बरंच हाड झिजल्याशिवाय काळा डाग उमटत नाही. तेव्हा स्वच्छ एक्स-रे म्हणजे निर्दोष दाढ नव्हे.

उलटही होतं. दुखतं दाढेत, दोष भलतीकडे. सर्दीने सायनस भरले की वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकलं की वाढतात. चावून दात सोडताना सणक जात असेल तर तडा शोधावा लागतो. चेहऱ्याच्या नसेच्या एका विकारात नुसता वारा लागला तरी विजेसारखी कळ येते, आणि त्यापायी लोकांनी चांगले दात उपटून घेतले आहेत. जिना चढताना जबडा दुखू लागतो आणि बसल्यावर थांबतो? मग आधी हृदय तपासून घ्या.

औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणण्याची आपल्याकडे मोठी हौस. सुजलेला गर त्याने बरा होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये, एरवी प्रकृती ठीक असलेल्या प्रौढांच्या अशा बहुतेक दुखण्यांत ती देऊ नयेत, असंच सांगितलं. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी. गालावरून मानेकडे सूज उतरते आहे, तोंड उघडत नाही, गिळवत नाही, श्वास अडतो, अशा वेळी दवाखाना उघडायची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठावं. मधुमेह असेल तर जास्तच लवकर.

अलीकडे गराचा फक्त वरचा, बिघडलेला भाग काढून मुळातला जिवंत ठेवण्याचे उपचारही काही दाढांना लागू पडतात. तेव्हा ‘रूट कॅनाल करावं लागेल’ असं ऐकल्यावर विचारावं : गार लावून काय दिसलं? शेजारच्या दाताशी ताडून पाहिलंत का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. खर्चाची धास्ती असेल त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे विद्यार्थी तपासतात, शिक्षक पुन्हा पाहतात. वेळ लागतो, केसपेपर काढायला सकाळी लवकर जावं.