कोड छापताना हात आवरा

2023 च्या जुलैमध्ये ग्रॉफ या अक्षरजुळणी प्रणालीची 1.23 ही आवृत्ती आली आणि लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एका आडव्या रेघेवरून वाद पेटला. लिनक्समधल्या बहुतेक आज्ञांसोबत त्यांचे माहितीपत्रक येते. त्याला ‘मॅन पेज’ म्हणतात, आणि ते पडद्यावर मांडण्याचे काम अनेक ठिकाणी ग्रॉफ करते. आज्ञेचा एखादा पर्याय वापरायचा तर त्याच्या अक्षराआधी छोटी आडवी रेघ द्यावी लागते. कीबोर्डवरच्या या साध्या रेघेचा संगणकाच्या लेखी क्रमांक 45. छपाईतला हायफन मात्र युनिकोडमध्ये निराळा आहे, त्याचा क्रमांक 8208. नव्या आवृत्तीत पत्रकाच्या मजकुरात नुसती रेघ दिसली की तिच्या जागी हा दुसरा हायफन उमटू लागला. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण पत्रकातून उचललेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवली की ती चालेना, आणि पत्रकात तो पर्याय शोधायला जावे तर शोधही रिकाम्या हाताने परते. शेवटी डेबियनसारख्या वितरणांनी आपल्यापुरती ती रेघ पुन्हा साधी करून टाकली.

ग्रॉफची बाजू नियमाला धरूनच होती, तिच्याकडे पुढे येऊ. आधी या भांडणाच्या मुळाशी काय आहे ते पाहू. अक्षरजुळणी करणाऱ्या प्रत्येक प्रणालीचे काम लेखकाने टाइप केलेला मजकूर सुधारणे हेच असते. सरळ अवतरणचिन्हे वळणदार करायची, दोन रेघा शेजारी आल्या तर त्यांची एक लांब रेघ करायची, जादा मोकळ्या जागा गिळायच्या, ओळी दोन्ही कडांना जुळवायच्या. कथा, लेख, प्रबंध यांच्यासाठी ही सेवा मोलाची आहे. संगणकाच्या कोडसाठी मात्र यातली प्रत्येक सुधारणा म्हणजे बिघाड. कोडमध्ये सरळ आणि वळणदार अवतरणचिन्ह ही दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि पायथॉनसारख्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागासुद्धा अर्थ सांगते. म्हणून अशा प्रणालींमध्ये कोडचे नमुने दाखवायला वेगळे मॅक्रो लिहावे लागतात. मॅक्रो म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेल्या सूचनांचा संच. नाव घेतले की सगळ्या सूचना ओळीने अमलात येतात. कोडचा मॅक्रो म्हणजे करड्या रंगाची चौकट, टाइपरायटरसारखा ठसा आणि रंगीत शब्द, अशी अनेकांची समजूत असते. माझ्या मते ती सजावट दुय्यम आहे. जुळणी करणाऱ्या यंत्राला हात आवरायला लावणे हे या मॅक्रोचे खरे काम, आणि ते जमले की नाही हे छापलेला कोड चालवून पाहिल्यावरच कळते.

हात आवरणे वाटते तेवढे सोपे नाही. ग्रॉफ ज्याचा वारस आहे तो ट्रॉफ, बेल लॅब्जमध्ये जोसेफ ओसाना यांनी 1973 च्या सुमारास लिहिला. युनिक्सचा जन्मही तिथलाच, आणि त्या युनिक्सला सुरुवातीचा आश्रय मिळाला तो प्रयोगशाळेच्या पेटंट विभागात अर्ज टाइप करण्याच्या कामातून. म्हणजे या प्रणालीच्या डोळ्यांपुढे गद्य मजकूर होता. ट्रॉफमध्ये ओळीच्या सुरुवातीला टिंब आले की ती ओळ मजकूर राहत नाही, ती सूचना ठरते. आता जावास्क्रिप्टमध्ये एकापुढे एक कामे जोडताना पुढची ओळ टिंबानेच सुरू करण्याची पद्धत आहे. असा नमुना तसाच्या तसा दिला तर ग्रॉफ त्या ओळीला सूचना समजतो, त्या नावाची सूचना सापडत नाही, आणि एरवीच्या मांडणीत काहीही न बोलता ओळ सोडून पुढे जातो. छापील पानावर मधली ओळ गायब, आणि तक्रारीचा एक शब्दही नाही.

याहून मासलेवाईक प्रकार उलट्या तिरक्या रेघेचा. सी भाषेत नवी ओळ सुरू करायला ही रेघ आणि तिच्यापुढे ‘एन’ हे अक्षर लिहितात. शिकणाऱ्याच्या पहिल्याच प्रोग्राममध्ये ही जोडी येते आणि तिच्या लगेच पुढे वाक्य बंद करणारे दुहेरी अवतरणचिन्ह असते. ट्रॉफच्या भाषेत मात्र तीच जोडी म्हणजे ‘पुढे ज्याचे नाव आहे त्या खणातला आकडा इथे छाप’ असा हुकूम. ट्रॉफ त्या अवतरणचिन्हालाच खणाचे नाव समजतो. त्या नावाचा खण कुणी केलेला नसतो, म्हणून त्यातला आकडा शून्य. परिणामी पानावर नवी ओळ करण्याची खूण नाही, बंद होणारे चिन्हही नाही, त्यांच्या जागी एक बावळट शून्य. मॅन पेजमध्ये नमुने दाखवण्यासाठी ‘ईएक्स’ आणि ‘ईई’ अशी मॅक्रोंची जोडी आहे. ती ओळी जशाच्या तशा तोडते आणि ठसा बदलते, पण तिरक्या रेघेचा अधिकार काढून घेत नाही. तो भार लेखकावर: प्रत्येक तिरकी रेघ वेगळ्या सांकेतिक रूपात लिहा, टिंबाच्या ओळीपुढे न दिसणारी खूण ठेवा, सरळ अवतरणचिन्हाला त्याचे खास नाव द्या.

डोनाल्ड कनुथ यांनी 1977 मध्ये ज्या टेक प्रणालीचे काम हाती घेतले, तिने हाच प्रश्न मुळापासून वेगळ्या रीतीने सोडवला. टेकमध्ये वाचलेल्या प्रत्येक अक्षराला शून्य ते पंधरा यांपैकी एक वर्ग चिकटतो. उलटी तिरकी रेघ शून्य वर्गात, कारण ती आज्ञा सुरू करते. महिरपी कंस एक आणि दोन. साधी अक्षरे अकरा. टक्क्याचे चिन्ह चौदा, कारण त्याच्यापुढचा मजकूर टेक टीप समजून टाकून देतो. गंमत अशी की हे वर्ग बदलता येतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर उभारलेल्या लाटेकमध्ये ‘व्हर्बॅटिम’ नावाचा मॅक्रो आहे, तो नेमके हेच करतो. आत शिरताच तो सगळ्या विशेष चिन्हांचे अधिकार काढून त्यांना साध्या चिन्हांच्या बाराव्या वर्गात बसवतो, मोकळी जागा आणि ओळीचा शेवट यांना मोजून उमटायला लावतो. मग तिरकी रेघ नुसती रेघ, टक्के नुसते टक्के.

यातून एक पेच निर्माण होतो. आज्ञा ओळखण्याची खूणच निष्प्रभ झाली, तर हा विभाग संपल्याचे टेकला कसे कळावे? व्हर्बॅटिमचा मॅक्रो त्यासाठी आपला शेवट आज्ञा म्हणून ओळखतच नाही. ती अक्षरे ठरलेल्या क्रमाने आली की संपले असे तो धरतो. म्हणून व्हर्बॅटिमच्या आत व्हर्बॅटिमचाच शेवट छापून दाखवता येत नाही. दुसरी अडचण नवशिक्यांना हमखास छळते. तळटीपेत किंवा शीर्षकात हा मॅक्रो वापरला की तो मोडतो. तळटीपेची आज्ञा आपला सगळा मजकूर आधी वाचून घेते, तेव्हाच प्रत्येक अक्षराला वर्ग चिकटून गेलेला असतो, आणि चिकटलेला वर्ग मागाहून पुसता येत नाही. व्हर्बॅटिम पोहोचतो तोवर उशीर झालेला असतो. याला लाटेकचा दोष म्हणणे मला पटत नाही. जसे वाचले तसे दाखवायचे असेल तर वाचण्याच्या क्षणीच हस्तक्षेप करावा लागतो, ही त्या कामाचीच अट आहे.

व्हर्बॅटिमनेही सगळे साधत नाही. टेकच्या मूळ टाइपरायटर ठशात सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह बसलेले आहे; ते सरळ करायला आणखी एक पॅकेज लागते. शिवाय टेकच्या पीडीएफमध्ये मोकळी जागा हे सहसा अक्षर नसते, दोन अक्षरांमधले नुसते अंतर असते. कागदावर पायथॉनचा नमुना निर्दोष दिसेल, पण पीडीएफमधून उचलला की ओळीच्या सुरुवातीची जागा हरवू शकते, आणि पायथॉनसाठी तो कोड मोडका झाला. म्हणजे पानावर बरोबर दिसणे ही अर्धीच परीक्षा.

उरलेली अर्धी परीक्षा कशी द्यायची याचा धडा जुना आहे. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक 1978 मध्ये आले, त्याची जुळणी ट्रॉफवरच झाली. त्यातले सगळे नमुने पुस्तकाच्या संगणकातल्या मजकुरातूनच थेट उचलून तपासले आहेत, असे लेखकांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. म्हणजे तपासायला एक प्रत आणि छापायला दुसरी, असा प्रकार नव्हता. कनुथ याच्याही पुढे गेले. त्यांच्या ‘वेब’ पद्धतीत एकाच मूळ फाइलमधून एका बाजूने चालणारा प्रोग्राम निघतो आणि दुसऱ्या बाजूने छापण्याजोगे पुस्तक. टेकचा सगळा कोड 1986 मध्ये असाच ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला. आजच्या लाटेकमध्ये साध्या लेखकालाही याची छोटी आवृत्ती जमते: मॅक्रो नमुना वाचतो, न बदलता एका फाइलमध्ये उतरवतो, मग तीच फाइल एकदा कोड म्हणून छापतो आणि एकदा चालवून तिचा परिणाम शेजारी दाखवतो. नमुना चुकला असेल तर परिणामही चुकीचा दिसतो, किंवा पानच तयार होत नाही. छापणाऱ्याला याहून चांगला मुद्रितशोधक मिळणार नाही.

यावर काही आक्षेप हमखास येतात. सगळ्यात सोपा म्हणजे, एवढी यातायात कशाला, पडद्याचा फोटो लावा. फोटोत अक्षरे बदलत नाहीत हे खरे. पण त्यातून कोड उचलता येत नाही, पुस्तकात शोधता येत नाही, आणि अंध वाचकाच्या वाचनयंत्राला त्यात काहीच सापडत नाही. सुधारणा करायची झाली तर नवा फोटो काढायचा; आणि घाईत तो काढला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो ग्रॉफच्या बाजूचा. ट्रॉफमध्ये हायफन आणि आज्ञेतली रेघ यांच्यासाठी पहिल्यापासून वेगळी लेखनरूपे आहेत. पत्रके लिहिणाऱ्यांनी आळस केला आणि सगळीकडे एकच रेघ टाकली. मग प्रणालीने नियम पाळला तर दोष कुणाचा? नियम म्हणून हे बिनतोड आहे. पण ती पत्रके लिहिणारे बहुतेक जण प्रोग्रामर होते, मुद्रक नव्हते. ज्या फरकाचा परिणाम लिहिणाऱ्याच्या पडद्यावर दिसतच नाही, तो फरक त्याने शिस्तीने पाळावा अशी अपेक्षा ठेवून प्रणाली बांधता येत नाही. ‘इथून इथपर्यंत कोड आहे’ एवढे लेखकाने सांगावे. आतल्या रेघा, टिंबे आणि अवतरणे सांभाळणे मॅक्रोकडे असावे. व्हर्बॅटिममागे हाच विचार आहे, आणि म्हणून ट्रॉफच्या ‘ईएक्स’-‘ईई’ जोडीपेक्षा मला तो उजवा वाटतो.

तिसरा आक्षेप खुद्द ‘जसेच्या तसे’ या तत्त्वावरच येतो: पानाची रुंदी ठरलेली आणि कोडची ओळ लांब, मग काय करणार? इथे तडजोड अटळ आहे. लाटेकची काही पॅकेजे लांब ओळ मोडतात आणि मोडल्या जागी छोटा बाण छापतात, म्हणजे निदान वाचकाला कळते की ही मोड लेखकाची नव्हे, पानाची आहे. त्याहून बरे म्हणजे लेखकाने नमुनाच आखूड लिहिणे. शब्दांना रंग देणारी पॅकेजेही आहेत. त्यांतले एक त्यासाठी पायथॉनमध्ये लिहिलेल्या बाहेरच्या प्रोग्रामची मदत घेते. रंगांनी वाचणे सुकर होते, पण काळ्या-पांढऱ्या छपाईत त्यांचा उपयोग संपतो.

मराठीत संगणकाची पुस्तके लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. कोडमध्ये मराठी टीप किंवा मराठी वाक्य आले की टाइपरायटरी शिस्तच कोलमडते. ‘नमस्कार’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे सात घटक होतात, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. आणि नेहमीच्या यूटीएफ-8 साठवणुकीत प्रत्येक घटकाला तीन, असे एकवीस बाइट लागतात. कोड दाखवणारे काही मॅक्रो प्रत्येक घटक वेगळ्या चौकटीत बसवून स्तंभ जुळवतात. इंग्रजीसाठी ते ठीक, पण देवनागरीत जोडाक्षर आणि काना शेजारच्या अक्षराशी जुळूनच आकार घेतात. चौकटी वेगळ्या केल्या की ‘स्का’चे तुकडे पडतात. टेकच्या झीटेक किंवा लुआटेक या आवृत्त्यांपैकी एक घेऊन, स्तंभांचा हट्ट सोडून साधा व्हर्बॅटिम वापरला तर शब्द नीट उमटतो. तिथेही एक सापळा आहे. टाइपरायटरी ठशांपैकी बहुतेकांत देवनागरी नसते, आणि ठशात अक्षर नसले तरी झीटेक काम थांबवत नाही. ते अक्षर उमटतच नाही आणि त्याची नोंद कामकाजाच्या फाइलमध्ये खाली कुठेतरी पडून असते.

तेव्हा मराठीत असे पुस्तक काढणाऱ्या लेखकांना आणि प्रकाशकांना एक विनंती आहे. नमुने हाताने पुन्हा टाइप करू नका, चाललेल्या फाइलमधूनच पुस्तकात घ्या. आणि छपाईला पाठवण्याआधी अंतिम पीडीएफमधून प्रत्येक नमुना उचलून एकदा चालवून पाहा. मुद्रितशोधनाच्या वेळापत्रकात त्यासाठी एक दिवस राखून ठेवा.