ट्रेकच्या शेगडीसाठी इंधन कोणते?

ट्रेकला जाताना छोटी शेगडी आपण आठवणीने घेतो. पण तिच्या डब्यात कोणता गॅस आहे, हे पाहतो का?

डब्यात गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. त्याची वाफ झाली तरच शेगडी पेटते. ब्युटेनचा उत्कलनांक सुमारे उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे १६४६ मीटर उंच कळसूबाईवर थंडीत ज्योत मंदावली, तरी चहा सहसा होतो. पण हिमालयात पारा शून्याखाली गेला, की डबा भरलेला असूनही ज्योत विझते! तिथे बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला पाणीच मिळत नाही.

अशा ठिकाणी आयसोब्युटेन (सुमारे उणे १२) आणि प्रोपेन (उणे ४२) यांचे मिश्रण घ्यावे. कडाक्याच्या थंडीत रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह उपयोगी. कारण दाब आपणच देतो. मात्र आधी बर्नर तापवावा लागतो.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, म्हणून तो कुठे मिळेल ते आधीच विचारून ठेवा.

आणि इंधन कोणतंही असो, बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.