तीन तेले आणि एक काटा

संपादकांनी ‘घरगुती साबण’ हा विषय सोपविला तेव्हा गुलाबाच्या पाकळ्या, चंदनाची पूड, मुलतानी माती असल्या रमणीय जिनसांचे वर्णन करावे लागेल अशी माझी समजूत होती. रत्नागिरीनजीकच्या एका बचतगटाच्या साबणखोलीत मात्र या साऱ्या जिनसा वरच्या फळीवर बांधून ठेवलेल्या आढळल्या, आणि मेजाच्या मध्यभागी, देव्हाऱ्यातील मूर्तीसारखा, ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा विराजमान झालेला दिसला.

या उद्योगाचा दफ्तरी इतिहास थोडक्यात आटोपतो. 1934 साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, 1957 साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला, आणि कडुनिंब, करंज यांसारख्या अखाद्य तेलांपासून साबण करण्यास उत्तेजन मिळाले. हेतू स्तुत्य होता. परंतु या तेलांचा उग्र दर्प साबणातही तग धरून राहतो, म्हणून नवशिक्याने त्यांच्या वाटेस प्रथम जाऊ नये.

गटातील ज्येष्ठ बाई, ज्यांना सारेच काकू म्हणतात, नव्या मुलींना शिकवितात, म्हणजे आधी त्यांच्या पिशवीतील निम्मे सामान बाजूस काढतात. “अगं, फुलंबिलं मागाहून. आधी तेलं ओळख,” असे म्हणून त्या तीन बरण्या पुढे सरकवितात. खोबरेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे असल्याने त्याचा साबण कठीण होतो व भरपूर फेसाळतो, पण निव्वळ खोबरेलाची वडी कातडी कोरडी पाडते. शेंगदाण्याचे तेल तो कठोरपणा सौम्य करते. आणि एरंडेल उठलेला फेस टिकवून धरते, मात्र दहाव्या हिश्श्याहून फार वाढले की वडी मऊ व चिकट होऊ लागते. करडई व सूर्यफूल यांची तेले हाताशी असली तरी लवकर खवटतात, आणि त्यांचे प्रमाण अधिक झालेल्या वडीवर काही महिन्यांत नारिंगी डाग उमटतात. कोकणचे खास मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांची ती पांढरी, घट्ट चरबी, वडीस उत्तम काठिण्य देते. परंतु ते महाग असल्याने काकू ते पहिल्या खेपेस कोणाच्या हाती देत नाहीत, आणि या कृपणतेबद्दल मला त्यांचा आदरच वाटला.

मला गुंतवून ठेवले ते काट्याने. प्रत्येक तेलाची क्षाराची भूक निराळी असते: एक ग्रॅम खोबरेलास 0.183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाणा तेलास 0.136, एरंडेलास 0.128. म्हणून 400 ग्रॅम खोबरेल, 500 ग्रॅम शेंगदाणा तेल व 100 ग्रॅम एरंडेल घेतल्यास हिशेबाने 154 ग्रॅम कॉस्टिक होतो. त्यातून पाच टक्के वजा करून 146 ग्रॅमच घ्यावयाचा, जेणेकरून थोडे तेल मुक्त राहील व क्षार मुळीच उरणार नाही. पाणी त्याच्या दुप्पट. वाटीचे व चमच्याचे माप येथे बाद आहे, आणि एक तेल संपले म्हणून तेवढेच दुसरे ओतणे हा तर हिशेबातील उघड अपहार होय.

फळीवरच्या जिनसांविषयी एवढेच सांगतो की पाकळ्या तपकिरी पडतात, लवंगेचे तेल मिश्रणास ढवळता ढवळताच घट्ट करून टाकते, आणि क्षार लागताच हळद लालसर होते, ज्या गुणावर आपले कुंकू पिढ्यान्‌पिढ्या झाले.

खरी अडचण बाजारात आहे. ‘खोबरेल’ म्हणून मिळणाऱ्या केसांच्या कित्येक सुगंधी तेलांत खनिज तेल मिसळलेले असते, आणि त्याचा साबण कधीच होत नाही; तेव्हा घाण्याचे वा खाण्याचे तेलच घ्यावे. धुण्याचा सोडा कॉस्टिकच्या जागी चालत नाही. मोऱ्या साफ करण्याच्या भुकटीत ॲल्युमिनियमचे कण असू शकतात, म्हणून तीही वर्ज्य. कॉस्टिकच्या पापड्या हवेतील ओल शोषून घेतात आणि मग त्यांचे वजन खोटे ठरते. कोकणातील पावसाळ्यात तर डबा उघडा राहिला की हिशेब फसलाच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यास हा क्षार खातो व ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो, म्हणून भांडे पोलादी. कॉस्टिक पाण्यात सोडावा, पाणी कॉस्टिकवर कदापि नाही. ते द्रावण आपोआप इतके तापते की हात पोळावा, आणि त्याचा एक थेंब डोळा घालविण्यास पुरेसा आहे. काकू चष्मा व रबरी हातमोजे घातल्यावाचून डब्याचे झाकण काढीत नाहीत. वड्या कापल्यावरही चार ते सहा आठवडे फळीवर सुकवाव्या लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक.

घरच्या वापरास परवाना लागत नाही, विक्रीस लागतो. नवशिक्याने वरील तीन तेले घ्यावीत, काटा घ्यावा. परंतु ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घरात तूर्त कॉस्टिकचा डबा आणूच नये.