कठीण आणि चिवट : धातूंची आघात चाचणी

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. पत्र्याचा तवा तसाच पडला तर त्याला पोचा येतो, फार तर कड वाकते. पण संध्याकाळी त्यावर भाकरी भाजता येते. दोन्ही तवे लोखंडाचेच आणि कानशीने घासून पाहिल्यास बिडाचा तवा काही मऊ लागत नाही. मग तोच का फुटावा, हा प्रश्न घरातील कोणतेही मूल विचारू शकेल. आणि उच्च प्राथमिक वर्गात धातूंचे गुणधर्म शिकविणाऱ्या शिक्षकास त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

‘लोखंड कठीण असते, म्हणून ते मजबूत असते’ असे वाक्य वर्गात सहज बोलले जाते. त्यातील ‘म्हणून’ हा शब्द चुकीचा आहे. कठीणपणा म्हणजे ओरखड्याला व रुतण्याला होणारा विरोध. काच चाकूला दाद देत नाही, इतकी ती कठीण असते. पण काचेच्या पेल्याची गत सर्वांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यातील काळा पाषाण कुऱ्हाडीची धार बोथट करतो, तथापि वडाराची सुतकी नेमक्या जागी बसली की तो दुभंगतो. याउलट तांब्याची तार नखाएवढ्या खिळ्यानेही ओरखडते, परंतु ठोकून ती तुटत नाही, चपटी होते. तुटण्यापूर्वी पदार्थ किती ऊर्जा पोटात घेतो, त्यावर त्याचा चिवटपणा ठरतो. चिवट पदार्थ वाकतो, ताणला जातो आणि घावातील ऊर्जा त्या वाकण्यात खर्च होते. ठिसूळ पदार्थाजवळ हा खर्च करण्याची सोय नसते. एकदा तडा गेला की तो आरपार धावतो. बिडात कार्बनचे प्रमाण शेकडा दोन ते चार असते व त्यातील पुष्कळसा कार्बन काजळीसारख्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे जन्मापासूनच्या चिरा होत. तव्याच्या पत्र्यात कार्बन अगदी थोडा असतो.

आता हा चिवटपणा मोजावयाचा कसा? धातूची कांब सावकाश ओढून तिची ताकद मोजता येते. परंतु सावकाश ओढलेली कांब जे सोसते, ते अचानक बसलेल्या घावाखाली सोसेलच असे नाही. यासाठी घावानेच मोजणारे यंत्र हवे. अमेरिकेतील रसेल यांनी १८९८ साली लंबकाने धातूचा तुकडा तोडण्याची युक्ती पुढे आणली आणि १९०१ साली जॉर्ज शार्पी या फ्रेंच अभियंत्याने तिला आजचे नेटके रूप दिले. आजही ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०३ साली इंग्लंडमधील आयझॉड यांनी तुकडा उभा धरून तोडण्याची दुसरी पद्धत काढली.

शार्पी यंत्राची रचना पाहिली तर त्यातील साधेपणाचे नवल वाटते. एका भक्कम चौकटीत सुमारे २० किलो वजनाचा हातोडा लंबकासारखा टांगलेला असतो. धातूचा तुकडा ५५ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर चौरस असतो. त्याच्या मध्यावर २ मिलिमीटर खोल खाच पाडलेली असते. तुकडा दोन आधारांना टेकवून, खाच हातोड्याच्या विरुद्ध बाजूस येईल असा ठेवतात. हातोडा ठराविक उंचीवरून सोडला की तो खाली येतो, तुकडा तोडतो आणि पलीकडे वर चढतो. जितकी ऊर्जा तुकड्याने खाल्ली, तितका तो कमी चढतो. सुटण्याची उंची आणि चढण्याची उंची यांतील फरकास हातोड्याच्या वजनाने गुणले की ऊर्जा मिळते. तबकडीवरील काटा ती ज्यूलमध्ये दाखवितो. नेहमीच्या यंत्राची शक्ती ३०० ज्यूल असते, म्हणजे ३० किलोचे पोते सुमारे एक मीटर उचलण्यास लागेल इतकी. अशी यंत्रे कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे तयार होतात. ही चाचणी यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा भाग आहे. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेव्हा जवळपासच्या शिक्षकांनी रीतसर परवानगी मागून ती एकदा पाहणे अशक्य नाही.

खाच कशासाठी, असे मुले हमखास विचारतात. कापडाचा दुकानदार कापड फाडण्यापूर्वी कडेला कात्रीने एक छोटी चीर देतो, मग सारा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि कापड सरळ फाटत जाते. धातूचेही तसेच आहे. खऱ्या वस्तूत कोठे ना कोठे कोपरा, ओरखडा किंवा ओतकामातील पोकळी असतेच. म्हणून चाचणीतही तुकड्यास मुद्दाम अशी कमजोरी देऊन मगच त्याची परीक्षा घेतात.

या चाचणीचे महत्त्व जगाला पटले ते मोठी किंमत मोजून. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याशी उभे होते. वादळ नव्हते, टक्कर नव्हती, पाणी शांत होते. थंडीच्या रात्री प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकून जवळजवळ दुभंगले. युद्धकाळात घाईने बांधलेल्या सुमारे २,७०० ‘लिबर्टी’ जहाजांपैकीही काही अशीच मोडली. प्रथम दोष वेल्डिंगवर आला. तो अगदी खोटा नव्हता, कारण रिव्हेट मारलेल्या पत्र्यांत तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबतो आणि वेल्डिंग केलेल्या जहाजात तो पुढच्या पत्र्यात शिरतो. परंतु केंब्रिज येथील धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की मूळ दोष पोलादाचा होता. ते पोलाद एका विशिष्ट तापमानाच्या खाली चिवटपणा सोडून ठिसूळ बनत असे. अनेक तडे सुरू झाले ते डेकवरील झाकणांच्या चौकोनी कोपऱ्यांपाशी, म्हणजे खाचेपाशीच.

हा थंडीचा परिणाम मुलांस समजावण्यास गुळाची ढेप पुरे. पौषात सकाळी ढेपेवर बत्ता मारला तर खडे उडतात. वैशाखात त्याच ढेपेत बत्ता रुतून बसतो. उपमा येथवरच घ्यावी, कारण पोलादाच्या आतील घडामोड वेगळी आहे आणि तांबे, ॲल्युमिनिअम हे धातू थंडीत असे दगा देत नाहीत. म्हणूनच हल्ली पोलादाचे तुकडे थंड करूनही तोडून पाहतात.

आपल्या जिल्ह्यात याचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारल्यास मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गाकडे बोट दाखवावे. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला. रुळाच्या पोलादात झीज सोसण्यासाठी कार्बन बराच ठेवावा लागतो आणि त्यामुळे चिवटपणा काहीसा गमवावा लागतो. रूळ स्वीकारण्यापूर्वी त्याचा तुकडा दोन आधारांवर ठेवून त्यावर जड वजन उंचावरून पाडतात; तो वाकला तरी चालते, तुटता कामा नये. हिवाळ्याच्या रात्री लांब जोडलेले रूळ आकुंचन पावू पाहतात, परंतु जखडलेले असल्याने त्यांच्यात ताण साठतो. त्यात एखादी बारीक चीर असली आणि वरून चाकाचा तडाखा बसला की खाच, थंडी व आघात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणूनच थंडीत रेल्वेचे कामगार रात्री कंदील घेऊन मार्गावर पायी गस्त घालतात. गस्तीवर जाणाऱ्याचे मूल वर्गात असेल, तर हा पाठ त्याच्यापासूनच सुरू करावा.

शाळेत लहानसे यंत्र करता येते. मीटरभर लांबीच्या बांबूच्या पट्टीस वरच्या टोकाशी भोक पाडून ती भिंतीजवळ खिळ्यावर टांगावी. खालच्या टोकास तराजूचे अर्धा किलोचे माप तारेने घट्ट बांधावे. मागे भिंतीवर कागद लावून सेंटिमीटरच्या रेघा ओढाव्यात. पट्टीच्या सर्वांत खालच्या जागी थोड्या अंतरावर दोन विटा ठेवून पऱ्हाटीची पेन्सिलएवढी जाड वाळलेली काडी त्यांच्या पुढील अंगास टेकवावी. माप विटांमधून निसटून गेले पाहिजे. प्रथम काडी न ठेवता लंबक ४० सेंटिमीटर उंचीवरून सोडावा. समजा, तो पलीकडे ३८ सेंटिमीटर चढला. दोन सेंटिमीटर घर्षणाने गेले. मग काडी ठेवून सोडला असता तो २८ चढला, तर काडीने १० सेंटिमीटर खाल्ले. आठवीतील मुलांकडून ०.५ × ९.८ × ०.१ हा गुणाकार करवून घ्यावा, उत्तर ०.४९ ज्यूल येते. लहान वर्गांस सेंटिमीटरचीच तुलना पुरे. नंतर चाकूने खाच पाडलेली काडी, ओली काडी आणि तुराटी अशा पाळीपाळीने ठेवून आकडे फळ्यावर मांडावेत. ओली काडी बहुधा तुटणार नाही, वाकून विटांमधून ओढली जाईल. प्रयोग फसला असे समजू नये. अतिशय चिवट पोलादाचा तुकडाही मोठ्या यंत्रात असाच वाकून निघतो व तशी नोंद केली जाते. लंबकाच्या वाटेत, पुढे वा मागे, एकाही मुलास उभे राहू देऊ नये.

पुढील पाठ लोहाराच्या भात्याशी घ्यावा. लालबुंद विळा पाण्यात बुडविला की तो कठीण होतो, पण तितकाच ठिसूळही. जाणता लोहार तो तसाच हाती देत नाही. पुन्हा हलका तापवून पात्यावर प्रथम पिवळसर, मग तांबूस, जांभळी, निळी अशी छटा चढताना पाहतो आणि हव्या त्या छटेला थांबवितो. निळ्याच्या दिशेने जावे तसा कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा वाढतो. शार्पीच्या तबकडीवर जो सौदा आकड्यांत दिसतो, तो लोहार डोळ्यांनी करीत असतो, म्हणून बोलण्याचा पहिला मान त्यालाच द्यावा. मुलांस मात्र एक गोष्ट तेथेच दाखवून सांगावी : हातोडीवर हातोडी मारू नये आणि कानशीवर घाव घालू नये. दोन्हींची तोंडे कठीण केलेली असतात. त्यांतून उडालेली कपची डोळ्यात शिरते.