कुत्र्याचे पोट का बिघडते?

शिक्षक मित्रांनो व पालकहो, ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, सोसायटीच्या गेटपाशी दोन-चार कुत्री असतातच. मुलं त्यांना डब्यातलं उरलेलं मायेने घालतात. पण आपल्याला पचतं ते त्यांना पचेलच असं नाही. उलट्या-जुलाबांची नेहमीची कारणे पाहू या.

१. अचानक बदल : रोजचे खाणे एकदम बदलले की पोट बिघडते. नवे अन्न सात-आठ दिवसांत थोडे थोडे मिसळून वाढवावे.

२. दूध व तळकट पदार्थ : बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. फार तेलकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून दिवाळीचा फराळ त्यांना नको.

३. विषारी पदार्थ : चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे-मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. लाडवावरचा बेदाणा म्हणजे सुकवलेलं द्राक्षच!

४. कचरा : नासके अन्न, प्लास्टिकची पिशवी, शिजवलेली हाडे. अशी हाडे टोकदार तुटतात व आतड्यात रुततात.

५. जंत : पिल्लांमध्ये हमखास आढळतात. ते माणसालाही होऊ शकतात, म्हणून कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

६. पार्व्हो : लस न घेतलेल्या पिल्लांचा हा घातक विषाणूजन्य आजार. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत पिल्लू दगावते. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू कराव्यात.

७. साचलेले पाणी : २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती, आठवतं ना? तो आजार कुत्र्यांनाही होतो. त्यात उलट्या व कावीळ दिसते.

एखादी उलटी होऊन कुत्रे खेळत असेल, तर पाणी द्यावे व लक्ष ठेवावे. पण रक्त पडले, पाणीही टिकेना, सुस्ती आली किंवा ते लहान पिल्लू असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊच नये. ती कुत्र्याला बाधतात.

वर्गासाठी उपक्रम : परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर दोन रकाने करा, 'चालेल' आणि 'नको'. साधा भात, पोळीचा तुकडा, उकडलेलं अंडं पहिल्यात. चॉकलेट, कांदा, मनुका दुसऱ्यात. मुलं घरी जाऊन मोठ्यांनाही सांगतील. आणि हो, तिसरी गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा : स्वच्छ पाण्याचं भांडं!