होल्मडेलची काचेची प्रयोगशाळा

अमेरिकेतील दूरध्वनी उद्योगाने पोसलेल्या 'बेल' या संशोधनसंस्थेचा संसार प्रथम न्यूयॉर्क शहरातील वेस्ट स्ट्रीटवरच्या एका जुन्या बहुमजली इमारतीत होता. रहदारीचे हादरे, धूळ आणि विजेच्या यंत्रांमुळे उठणारा रेडिओचा खरखराट यांत सूक्ष्म मापने घेणे अवघड होई. म्हणून 1930 च्या सुमारास रेडिओविषयक संशोधन न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल या शेतवाडीच्या गावी नेण्यात आले. तेथे आरंभी भव्य इमारत नव्हती. लाकडी बांधणीची साधी घरे आणि सभोवार मोकळे रान एवढेच होते.

या रानातच कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याने एक विलक्षण आकाशक उभारला. मोटारगाडीच्या चाकांवर बसविलेला तो सांगाडा सुमारे 20 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करी. अटलांटिकपार जाणाऱ्या दूरध्वनीत जो खरखराट ऐकू येतो तो कोणत्या दिशेने येतो, हे शोधणे एवढेच त्याचे काम होते. जवळच्या व दूरच्या वादळांचे आवाज त्याला ओळखता आले. मात्र एक मंद, सततचा सूं-सूं आवाज उरला. तो दररोज सुमारे 4 मिनिटे लवकर येई. सूर्यापेक्षा तारे जेवढ्या वेळाने लवकर उगवतात तेवढाच हा फरक होता! म्हणजे आवाजाचे मूळ पृथ्वीवर नव्हते, सूर्यातही नव्हते. ते आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला होते. 1933 मध्ये हा शोध जाहीर झाला आणि रेडिओ-ज्योतिःशास्त्राचा जन्म झाला. दूरध्वनीतील खरखर कमी करण्यासाठी नेमलेल्या माणसाने ज्योतिष्यांना नवे इंद्रिय दिले, हे औद्योगिक संशोधनाचे एक नमुनेदार उदाहरण होय.

महायुद्धानंतर संस्थेचा व्याप वाढला आणि याच जागेवर नवी वास्तू बांधण्याचे ठरले. हे काम एरो सारिनेन (1910–1961) या फिनलंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविण्यात आले. मोटार उद्योगासाठी त्याने मिशिगन राज्यात बांधलेले, 1956 मध्ये समारंभपूर्वक खुले झालेले तंत्रकेंद्र प्रसिद्धच होते. होल्मडेलची वास्तू 1962 मध्ये वापरात आली. परंतु ती पाहण्यास सारिनेन हयात नव्हता. पुढे तिचा विस्तार झाला व ऐंशीच्या दशकात केव्हिन रोश या त्याच्या सहकाऱ्याने दोन्ही टोकांना आणखी भर घातली. अखेरीस सुमारे 472 एकर जागेत सुमारे 20 लाख चौरस फुटांचा हा प्रचंड ठोकळा उभा राहिला. भरभराटीच्या काळात येथे सुमारे 6,000 लोक काम करीत.

या वास्तूची मुख्य कल्पना समजण्यास आपला जुना वाडा आठवावा. वाड्यात मध्ये चौक, चौकाभोवती खोल्या आणि बाहेरून जाड भिंत. होल्मडेल येथेही तळापासून छपरापर्यंत उघडा, काचेने आच्छादलेला भव्य चौक आहे, आणि त्याच्याभोवती माणसांच्या वावरण्याचे सज्जे आहेत. फरक एवढाच की, बाहेरची भिंत मातीविटांची नसून अथपासून इतिपर्यंत आरशासारख्या काचेची आहे. ही काच सूर्याची बरीचशी उष्णता परत फिरविते व मोजकाच उजेड आत येऊ देते. दिवसा बाहेरून पाहणाऱ्यास इमारत दिसतच नाही. दिसतात ती समोरची झाडे आणि वरचे ढग. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आरशाची काच वापरलेल्या आरंभीच्या वास्तूंपैकी ही एक आहे.

आता विशेष गोष्ट सांगावयाची ती ही की, काचेच्या या घरात संशोधकाच्या खोलीला खिडकी नव्हती. काचेलगतची जागा सारिनेनने येण्याजाण्याच्या मार्गासाठी राखली आणि प्रयोगशाळा व कचेऱ्या आतल्या भागात ठेवल्या. पाणी, वायू, वीज यांच्या नळ्यातारा खोल्यांच्या मधल्या पोकळीतून नेल्या. यामागे विचार होता. प्रयोगशाळेत भिंती उपकरणांना लागतात आणि तापमान स्थिर हवे असते. शिवाय खोलीबाहेर पडणाऱ्या प्रत्येकास उजेड व सहकाऱ्यांची गाठ दोन्ही मिळावीत. परंतु माणूस दिवसाचे बहुतेक तास टेबलाशी बसतो, वाटेवर नव्हे. उत्तम उजेड पायांना दिला आणि डोळ्यांना दिव्यावर ठेवले, अशी टीका या रचनेवर करावी लागते. अर्थात प्रकाशाचे प्रयोग करणाऱ्यास बाहेरचा उजेड नकोच असतो!

प्रवेशमार्गावरील पाण्याची टाकी तीन पायांवर उभी आहे; तिचा आकार ट्रान्झिस्टरची आठवण करून देणारा आहे. मात्र ट्रान्झिस्टरचा शोध 1947 मध्ये लागला तो येथे नव्हे, तर त्याच संस्थेच्या मरे हिल येथील प्रयोगशाळेत. बारामती येथे जन्मलेल्या सी. कुमार एन. पटेल यांनी कार्बन डायॉक्साइडचा लेसर सिद्ध केला तोही मरे हिल येथेच. त्याचप्रमाणे पेन्झियास व विल्सन यांना विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचा सुगावा 1964–65 मध्ये लागला तो शेजारच्या क्रॉफर्ड हिल या टेकडीवर.

खुद्द होल्मडेलच्या लौकिकाला स्टीव्हन चू आणि आर्थर अॅश्किन यांची नावे पुरेशी आहेत. 1985 मध्ये चू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूंवर सहा दिशांनी लेसरचे झोत सोडले. अणू ज्या दिशेला सरकू पाही त्या दिशेच्या प्रकाशकणांचा मार त्याला अधिक बसे. त्यामुळे मधात अडकलेल्या माशीप्रमाणे त्याची गती मंदावे. गती कमी म्हणजेच तापमान कमी. अणूंचे तापमान निरपेक्ष शून्यावर अंशाच्या सुमारे 240 दशलक्षांश भागांपर्यंत उतरले. याबद्दल चू यांना 1997 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रकाशाच्या चिमट्याने सूक्ष्म कण पकडण्याच्या युक्तीबद्दल अॅश्किन यांना 2018 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, तोच मान लाभला.

1984 मध्ये अमेरिकेतील दूरध्वनीची मक्तेदारी मोडली. या भव्य संशोधनाचा खर्च त्या मक्तेदारीच्या उत्पन्नावर चाले. तो आधार गेल्यावर संस्थेचे मालक बदलत गेले आणि 2006 च्या सुमारास होल्मडेलची वास्तू विक्रीस निघाली. ती पाडून टाकण्याचाही बेत झाला. जुने संशोधक व वास्तुशिल्पज्ञ यांनी विरोध केला. अडचण खरी होती. एकाच मालकासाठी बांधलेल्या, खोल्यांना खिडक्या नसलेल्या 20 लाख चौरस फुटांचे करावयाचे काय? काही वर्षे इमारत ओस राहिली. अखेर 2013 मध्ये एका विकासकाने ती विकत घेतली, आणि 2017 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत तिचे नाव आले.

आज तिचे नाव 'बेल वर्क्स' असे आहे. अनेक भिंती काढून खोल्यांत उजेड आणला आहे. चौकावरील छपरात वीज निर्माण करणारी सौरकाच बसविली आहे. तळमजल्यावर दुकाने, उपाहारगृहे व कचेऱ्या आहेत. आणि त्यांच्या शेजारीच होल्मडेल गावाचे सार्वजनिक ग्रंथालय भरते.