तूट आली, पण वही खोटी नव्हती

वाचकहो, तुमच्या पडवीत पोटॅशचे एखादे पोते पडले असेल. पिकाला पालाश मिळावा म्हणून आपण ते शेतात टाकतो. पण त्या पोत्यात या घटकेलाही काहीतरी घडत आहे, हे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल.

पालाश म्हणजे पोटॅशियम. त्याच्या दर दहा हजार अणूंत एखादा अणू अस्थिर असतो. असा अणू केव्हातरी आतून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो आणि त्याचे कॅल्शियम बनते. याला बीटा ऱ्हास म्हणतात. भिऊ नका, हे सृष्टीच्या आरंभापासून चालू आहे. आपल्या शरीरातही पोटॅशियम आहे आणि तिथेही दर सेकंदाला असे काही हजार अणू बदलत असतात. मात्र बीटा ऱ्हासाच्या या एवढ्याशा घटनेने शास्त्रज्ञांची झोप उडवली होती.

निसर्गाच्या वहीत दोन नियम पक्के आहेत. पहिला ऊर्जेचा. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. चुलीतल्या लाकडातली ऊर्जा काही भाकरीला लागते, काही भांड्याला, काही धुरावाटे जाते, पण बेरीज तेवढीच राहते. दुसरा नियम संवेगाचा. नावेतून काठावर उडी मारा, नाव मागे सरकते. तुम्ही जेवढ्या जोराने पुढे, तेवढ्याच जोराने ती मागे.

आता गोम पाहा. एकाच जातीचा अणू बदलताना दर वेळी तेवढीच ऊर्जा सोडतो. म्हणजे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनजवळही दर वेळी सारखीच ऊर्जा हवी. शंभराची नोट मोडली तर शंभरच हातात यावेत, तसे. पण १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांनी मोजले, तेव्हा कधी नव्वद, कधी चाळीस, तर कधी पाचच हाती येत होते!

कोणी म्हणाले, उरलेली ऊर्जा त्या पदार्थातच जिरत असेल. मग १९२७ मध्ये केंब्रिजच्या एलिस आणि वूस्टर यांनी तो पदार्थ बंदिस्त ठेवून त्याची उष्णताच मोजली. आत जिरलेली ऊर्जा उष्णतेत दिसायला हवी होती. पण दर अणूमागे सरासरी भरली ती पूर्ण रकमेच्या फक्त एक तृतीयांश. तूट खरी होती.

तेव्हा नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही म्हणू लागला, की अणूच्या आत ऊर्जेचा नियम दर वेळी पाळला जात नसेल, सरासरीनेच जुळत असेल. म्हणजे वहीच बदलायची!

वुल्फगांग पाउली यांना ते पटले नाही. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की वही बरोबर आहे, पण वाटेकरी दोन नसून तीन आहेत. इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघतो. त्याला विद्युतभार नाही, वजन नगण्य. तो उरलेली ऊर्जा घेऊन गुपचूप निघून जातो. पुढे एन्रिको फर्मी यांच्यामुळे त्याचे न्यूट्रिनो हे नाव रूढ झाले. बोर यांनीही १९३६ मध्ये आपली शंका मागे घेतली.

संवेगानेही तीच साक्ष दिली. वाटेकरी दोनच असते, तर इलेक्ट्रॉन एका दिशेला आणि मागे उरलेला अणू नेमका उलट दिशेला गेला असता. १९५० च्या दशकात हंगेरीतील डेब्रेसेन येथे अशा एका ऱ्हासाचे छायाचित्र काढले. दोघांच्या वाटा एका रेषेत नव्हत्या. कोणीतरी तिसरा तिसऱ्या दिशेला गेला होता!

पण त्याला पकडायचे कसे? तो अख्खी पृथ्वी सहज आरपार करतो. अखेर १९५६ मध्ये अमेरिकेत रेन्स आणि कोवान यांनी अणुभट्टीजवळ पाण्याच्या टाक्या ठेवून त्याचा माग काढला. भट्टीतून न्यूट्रिनोंचा लोंढा येत होता, तरी तासाला जेमतेम तीन सापडत. पाउलींना तारेने कळवले गेले. सव्वीस वर्षांनी हिशेब जुळला.

यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, उपकरणे मांडली होती. हवेत तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५ मध्ये तिथे मिळाल्या. जगात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या खुणांत त्यांची गणना होते. ती खाण २००१ मध्ये बंद झाली.

सूर्यातूनही न्यूट्रिनो येतात. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक आरपार जातात, दिवसा वरून आणि रात्री पृथ्वीच्या पोटातून. अंगाला कळतही नाही.

मंडळी, घरातही असेच होते. दुधाचा हिशेब जुळला नाही की कोणी वहीला नावे ठेवतो, कोणी माणसाला. पाउलींनी दोन्ही केले नाही. मोजमाप पुन्हा तपासलेले होते, नियम हजार ठिकाणी खरा ठरलेला होता. तेव्हा त्यांनी विचारले, आपण कोणाला मोजायचे विसरलो? पोटॅशचे पोते उचलताना हा प्रश्न आठवा. त्या पोत्यातूनही तो तिसरा वाटेकरी आत्ता निघून गेला असेल.